"तुमचे वडील कुठल्या कॉलेजात होते?" अमेरिकेतली राज्यं ॲडमिशनचे नियम का बदलतायत

मागे एकदा भाचीचा व्हिडिओ कॉल आला. ती अमेरिकेत शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉमन ॲपचा फॉर्म भरत बसली होती आणि स्क्रीन शेअर करून मला दाखवत होती. कॉमन ॲप म्हणजे एकदाच माहिती भरायची आणि तीच वेगवेगळ्या कॉलेजांना पाठवायची, अशी सोय. त्यात फॅमिली म्हणून एक भाग येतो. आईचं शिक्षण किती, कुठल्या कॉलेजातून, डिग्री कुठली, कुठल्या साली. मग तेच सगळं वडिलांचं. ती म्हणाली, "मावशी, ॲडमिशन मला हवीय ना, मग बाबांच्या कॉलेजचं नाव यांना कशाला पाहिजे?"

मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं, पण प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून वाचायला बसले, आणि जसजसं वाचत गेले तसतसं कळलं की अगदी ह्याच प्रश्नावर तिथल्या राज्यांच्या विधिमंडळांत कायदे होतायत, काही झाले, काही पडले, काहींमधले दात ऐनवेळी काढून घेतले. ज्यांची मुलं किंवा भाचे-पुतणे तिकडे अर्ज करतायत त्यांना हे माहीत असलेलं बरं, म्हणून जेवढं मला समजलं तेवढं सोप्या भाषेत लिहितेय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करायला हवी. आपल्याला ॲडमिशन म्हटलं की मेरिट लिस्ट दिसते, मार्क, रँक, कट-ऑफ, आणि ते सगळ्यांसमोर लागतं. अमेरिकेतल्या नामांकित कॉलेजांत तसं नसतं. तिथे मार्क बघतात, सॅट किंवा एसीटी या प्रवेश परीक्षांचा स्कोअर बघतात (काही ठिकाणी तोही ऐच्छिक आहे), पण त्याबरोबर निबंध, शिक्षकांची पत्रं, खेळ, शाळेबाहेरचे उद्योग हे सगळं एकत्र करून एक कमिटी ठरवते. याला होलिस्टिक रिव्ह्यू म्हणतात. यात चांगलं खूप आहे, कारण एखाद्या पोराने नोकरी करत, घरातल्या आजारी माणसाचं बघत शिक्षण केलं असेल तर ते नुसत्या मार्कांत दिसणार नाही, इथे दिसतं. पण दार बंद करून निर्णय होतो, त्यामुळे आत आणखी काय काय मोजलं जातं हे बाहेरच्याला कळायला मार्ग नाही. तर त्या "आणखी काय काय" मध्ये तीन-चार गोष्टी येतात ज्यांवरून सगळा वाद आहे.

पहिली म्हणजे लेगसी. आई किंवा वडील, कुठे कुठे आजोबा-आजीसुद्धा, त्याच कॉलेजात शिकलेले असतील तर मुलाला झुकतं माप. दुसरी म्हणजे डोनर, म्हणजे घरच्यांनी कॉलेजला मोठी देणगी दिलीय किंवा देतील अशी आशा आहे. तिसरी म्हणजे अर्ली डिसिजन. यात तुम्ही एकाच कॉलेजला साधारण नोव्हेंबरात अर्ज करता, डिसेंबरात उत्तर येतं, आणि हो आलं तर तिथेच जायचं असं आधीच सही करून बांधून घेतलेलं असतं. याचा फायदा कुणाला होतो ते बघा. ज्या घराला फी किती, स्कॉलरशिप कोण जास्त देतंय हे चार कॉलेजांची पत्रं शेजारी ठेवून बघावं लागतं, त्या घरातलं मूल असं बांधून घेऊच शकत नाही. आणि चौथी म्हणजे खेळाडूंची भरती, ज्यात फुटबॉल-बास्केटबॉल तर आहेच पण रोइंग, सेलिंग, फेन्सिंग असलेही खेळ आहेत, जे साध्या सरकारी शाळेत सहसा नसतातच.

लेगसीची सुरुवात कशी झाली ते वाचून मला खरंच राग आला. १९२० च्या दशकापर्यंत हार्वर्ड, येल, कोलंबियासारख्या ठिकाणी प्रवेश परीक्षेतल्या मार्कांना फार वजन होतं. स्थलांतरित ज्यू घरांतली मुलं परीक्षेत चांगली असायची, त्यांची संख्या वाढायला लागली आणि जुन्या प्रतिष्ठित घराण्यांच्या पोटात दुखायला लागलं. १९२२ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांवर सरळ कोटा घालायचा प्रस्ताव मांडला, त्यावर गदारोळ झाला, मग उघड कोट्याऐवजी "चारित्र्य", "व्यक्तिमत्त्व", घराणं, फोटो, मुलाखत, माजी विद्यार्थ्यांची मुलं अशी मोजमापं आली. म्हणजे ज्यांचे बाप आत होते त्यांनाच आत येणं सोपं व्हावं म्हणून केलेली ही सोय होती. आज ती ज्यूंविरुद्ध वापरतात असं कुणी म्हणत नाही, पण तिचा स्वभाव तोच राहिला, काल कोण आत होतं त्यावर आज कोण येणार हे थोडंफार ठरतं.

हे किती चालतं याचे आकडे बराच काळ कुणाकडे नव्हते. ते बाहेर आले एका वेगळ्याच खटल्यातून. स्टुडंट्स फॉर फेअर ॲडमिशन्स नावाच्या संघटनेने हार्वर्डवर केस केली होती, मुद्दा होता वंशावरून प्राधान्य देण्याचा, पण कोर्टात हार्वर्डला आपल्या ॲडमिशनचा डेटा द्यावा लागला. त्यातून दिसलं की साधारण सहा वर्षांच्या काळात लेगसी अर्जदारांपैकी जवळपास तिघांत एकाला ॲडमिशन मिळाली, आणि लेगसी नसलेल्यांत शंभरात सहाच्या आसपास. आता इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की हार्वर्डला शिकलेल्या आईबापांची मुलं मुळात अभ्यासातही बरीच पुढे असतात, घरात पुस्तकं, ट्यूशन, वेळ सगळं असतं, त्यामुळे हा सगळा फरक वशिल्याचा नाही. पण पुढे त्याच डेटावर अर्थशास्त्रज्ञांनी काम केलं, त्यात प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त जण खेळाडू, लेगसी, डीनच्या खास यादीतले (यात देणगीदारांची मुलंही येतात) किंवा स्टाफची मुलं यांपैकी कशात तरी बसत होते, आणि कृष्णवर्णीय, आशियाई, हिस्पॅनिक मुलांत हेच प्रमाण १६ टक्क्यांच्या आत होतं.

त्याच खटल्यात काही ईमेल वाचले गेले. २०१३ च्या एका ईमेलमध्ये विद्यापीठातल्याच एका शाखेचे डीन ॲडमिशनच्या प्रमुखांचे आभार मानतायत, तुम्ही ज्यांना घेतलंत त्यामुळे फार आनंद झाला म्हणून, आणि त्यात सहज लिहिलंय की यातल्या एकाने बिल्डिंगचा शब्द आधीच दिलाय. मी तो भाग दोनदा वाचला. कुठलाही गुन्हा नाही त्यात, सगळं नियमात बसतं. तेच तर दुखणं आहे.

नियमात न बसणारं प्रकरण २०१९ च्या मार्चमध्ये फुटलं, तेच ते व्हर्सिटी ब्लूज. रिक सिंगर नावाचा कन्सल्टंट श्रीमंत आईवडिलांकडून पैसे घ्यायचा आणि परीक्षेत दुसऱ्याकडून उत्तरं बदलून घ्यायचा, नाहीतर कोचला लाच देऊन कधी न खेळलेल्या पोराला खेळाडू म्हणून दाखवायचा. पन्नासहून जास्त लोकांवर आरोप ठेवले गेले, सिंगरला पुढे २०२३ मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. तो म्हणायचा, पुढचं दार म्हणजे स्वतःच्या कर्तृत्वावर, मागचं दार म्हणजे भली मोठी देणगी, आणि माझं आहे ते बाजूचं दार. लोक बाजूच्या दारावर भडकले ते बरोबरच होतं, पण कॅलिफोर्नियातल्या काही आमदारांनी विचारलं की मागच्या दाराचं काय, ते तर कायदेशीर आहे.

मग २०२३ च्या २९ जूनला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की ॲडमिशनमध्ये वंश हा निकष चालणार नाही. या निकालाबद्दल लोकांची मतं टोकाची आहेत. पण एक गोष्ट दोन्हीकडच्यांच्या लक्षात आली, की वंचित समाजातल्या मुलाला मिळणारं झुकतं माप गेलं आणि माजी विद्यार्थ्याच्या मुलाला मिळणारं तसंच राहिलं. त्यानंतर महिनाभरात हार्वर्ड आणि ब्राउनच्या अर्थशास्त्रज्ञांचा मोठा अभ्यास आला, की सॅटचे मार्क सारखेच असले तरी सगळ्यात श्रीमंत १ टक्का घरातलं मूल आयव्ही लीग (हार्वर्ड, येलसारखी आठ जुनी नामांकित विद्यापीठं) आणि त्या तोडीच्या कॉलेजांत पोचण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून जास्त, आणि त्याची मोठी कारणं लेगसी, खेळाडूंची भरती आणि अभ्यासाबाहेरच्या गोष्टींना दिलेले गुण. मार्क सारखेच असताना, हं.

आता राज्यांकडे येऊ. अमेरिकेत शिक्षण हा मुख्यतः राज्यांचा विषय आहे. सरकारी विद्यापीठं राज्याच्या पैशावर चालतात, त्यामुळे त्यांना नियम घालून देणं राज्याला त्यामानाने सोपं. प्रायव्हेट कॉलेजांचं तसं नाही. ती म्हणतात की आम्ही कुणाला शिकवायचं हे ठरवायचं स्वातंत्र्य आमचं, आणि त्याला आधारही आहे, १९५७ च्या एका खटल्यात न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी विद्यापीठाच्या चार स्वातंत्र्यांत "कुणाला प्रवेश द्यायचा" हे चौथं म्हणून धरलं होतं. म्हणून राज्याला प्रायव्हेटपर्यंत पोचायचं तर एक धागा पकडावा लागतो, तो म्हणजे पैसा. राज्याची स्कॉलरशिप तुमच्या विद्यार्थ्यांना मिळते ना, मग आमची अटही मान्य करा. असे कायदे वाचताना मी आता सगळ्यात आधी हाच धागा शोधते, कायदा कुणाला लागू आहे, आणि मोडला तर काय होतं. बंदी हा शब्द सगळीकडे सारखाच असतो, फरक या दोन गोष्टींत असतो.

पहिलं पाऊल कोलोरॅडोने टाकलं, मे २०२१ मध्ये, सरकारी कॉलेजांत लेगसी बंद. तेव्हाच सॅट-एसीटी ऐच्छिक करणारा कायदाही झाला. मग २०२४ मध्ये एकदम रांग लागली. व्हर्जिनियात मार्चमध्ये कायदा झाला, लेगसी आणि देणगी दोन्हींवर बंदी, सरकारी संस्थांपुरती, आणि विशेष म्हणजे दोन्ही सभागृहांत एकही मत विरोधात पडलं नाही, वर सही करणारे गव्हर्नर रिपब्लिकन. एवढ्या दुभंगलेल्या देशात असं क्वचित होतं. मेरीलँडने एप्रिलमध्ये पुढचं पाऊल टाकलं आणि राज्याचा पैसा घेणाऱ्या प्रायव्हेट कॉलेजांनाही त्यात आणलं. इलिनॉयने ऑगस्टमध्ये सरकारी विद्यापीठांपुरता कायदा केला.

व्हर्जिनियाचीच एक छोटी गोष्ट सांगते. कायदा व्हायच्या आधीच, २०२३ मध्ये, युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनियाने फॉर्ममधला लेगसीचा चौकोन काढून टाकला आणि त्याजागी एक ऐच्छिक निबंध ठेवला, की या विद्यापीठाशी तुमचं काही वैयक्तिक किंवा ऐतिहासिक नातं असेल तर लिहा, मग ते माजी विद्यार्थ्याचं मूल म्हणून असो किंवा ज्यांनी गुलाम म्हणून इथे राबून या इमारती उभ्या केल्या त्यांचे वंशज म्हणून असो. मला हे एकाच वेळी सुंदरही वाटलं आणि काळजीचंही. सुंदर, कारण त्या विटा ज्यांनी रचल्या त्यांच्या नातवंड-पणतवंडांना कुणीतरी पहिल्यांदा विचारलं. काळजीचं, कारण चौकोन गेला तरी "माझे बाबा इथे होते" हे निबंधातून सांगता येतंच, आणि वाचणाऱ्याच्या मनावर त्याचं किती वजन पडलं हे कुठल्या कायद्याने मोजायचं?

सगळ्यात जास्त बघण्यासारखी गोष्ट कॅलिफोर्नियाची. तिथल्या सरकारी विद्यापीठांत लेगसी आधीपासूनच नाही, म्हणजे सगळा प्रश्न प्रायव्हेटचाच. फिल टिंग नावाच्या आमदारांनी २०१९ मध्ये, त्या घोटाळ्यानंतर, लेगसी चालवणाऱ्या कॉलेजांची राज्याची मदत बंद करायचा प्रयत्न केला. तो पातळ होत होत एवढंच उरलं, की निदान किती लेगसी आणि डोनर मुलं घेतली याचा आकडा दरवर्षी कळवा. तेव्हा लोकांना वाटलं की झालं, फुसका बार. पण त्या आकड्यांनीच पुढचं काम केलं. स्टॅनफर्डचा आकडा आला तेव्हा दिसलं की घेतलेल्यांत दर सातेक जणांत एक लेगसी किंवा डोनरशी संबंधित आहे. यूएससी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियामध्येही साधारण तेच प्रमाण. तोंडी वादात "असेल हो थोडंफार" म्हणून सुटता येतं, छापलेल्या आकड्यासमोर नाही.

२०२४ मध्ये टिंगांनी परत विधेयक आणलं, आणि यावेळी सरळ बंदी. सुरुवातीच्या मसुद्यात दात होते, नियम मोडला तर कॉलेजला विद्यार्थ्यांच्या राज्य-मदतीतून जेवढा पैसा मिळतो तेवढ्याच रकमेचा दंड. सिनेटमध्ये ते दात काढले. शेवटी जे पास झालं आणि गव्हर्नर न्यूसम यांनी ३० सप्टेंबर २०२४ ला सही केलं त्यात दंड नाही, नियम मोडणाऱ्या कॉलेजचं नाव राज्याच्या न्याय विभागाच्या वेबसाइटवर लावलं जाईल, बस्स. लाज हीच शिक्षा. कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला.

आणि मग काय झालं? २०२५ च्या उन्हाळ्यात स्टॅनफर्डने सांगितलं की आम्ही लेगसी चालूच ठेवणार, आणि त्यासाठी राज्याच्या कॅल ग्रँट या स्कॉलरशिप योजनेतूनच बाहेर पडतो, आमच्या विद्यार्थ्यांना ती रक्कम आम्ही आमच्या खिशातून देऊ. मगाशी म्हटलं ना धागा, तो धागाच त्यांनी कापला. राज्याचा पैसा घेत नाही म्हटल्यावर अट कशाची घालणार. अब्जावधी डॉलरचा निधी गाठीशी असलेल्या संस्थेला हे परवडतं, एखाद्या छोट्या कॉलेजला परवडणार नाही. म्हणजे झालं असं की कायदा ज्यांच्यासाठी मुख्यतः केला त्यातलाच एक मोठा मासा जाळ्यातून बाहेर. मला याचं वाईट वाटलं. एवढी नावाजलेली, एवढं चांगलं काम करणारी संस्था, तिला दर सातातली एक जागा सोडवत नाही हे मला पटत नाही.

कॉलेजं त्यांची बाजू मांडतात ती अशी, की पिढ्यानपिढ्यांचं नातं असेल तर माजी विद्यार्थी देणग्या देतात आणि त्या पैशातून गरीब मुलांच्या स्कॉलरशिप होतात. ऐकायला पटतं. पण जॉन्स हॉपकिन्सकडे बघा. त्यांनी २०१४ पासून गाजावाजा न करता लेगसी बंद केली आणि ते २०२० मध्ये जाहीर केलं. त्यांच्याच आकड्यांनुसार २००९ मध्ये पहिल्या वर्षाला १२.५ टक्के लेगसी होते, २०१९ मध्ये ३.५ टक्के, आणि त्याच दहा वर्षांत पेल ग्रँटला पात्र, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून १९ वर गेलं. अर्थात त्यात मायकेल ब्लूमबर्ग यांनी दिलेल्या १.८ अब्ज डॉलरचाही वाटा आहे, नुसती लेगसी काढून गरीब मूल आपोआप आत येत नाही, त्याची फीही कुणीतरी भरावी लागते. पण विद्यापीठ कोसळलं नाही हे तरी दिसलं. एमआयटी तर लेगसी बघतच नाही, आणि तिला पैशाची चणचण आहे असं कुणी म्हणणार नाही.

अर्ली डिसिजनला मात्र अजून फारसा हात लागलेला नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये एक प्रस्ताव आला होता, की लेगसी किंवा अर्ली डिसिजन चालवणाऱ्या श्रीमंत कॉलेजांकडून शुल्क घ्यायचं आणि तो पैसा कम्युनिटी कॉलेजांना, म्हणजे दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजांना द्यायचा. कल्पना म्हणून मला ती कॅलिफोर्नियाच्या लाजेपेक्षा भक्कम वाटते.

आतापर्यंत सगळं "हे करू नका" वाले कायदे झाले. "हे करा" वाला सगळ्यात जुना आणि गाजलेला म्हणजे टेक्सासचा टॉप टेन पर्सेंट. १९९६ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने वंशाचा निकष बंद केला, आणि १९९७ मध्ये आमदारांनी साधा नियम केला की राज्यातल्या कुठल्याही हायस्कूलमध्ये पहिल्या दहा टक्क्यांत या, राज्याच्या सरकारी विद्यापीठात तुमची ॲडमिशन नक्की. शाळा ह्यूस्टनच्या गरीब वस्तीतली असो की सीमेजवळच्या गावातली. आणि हे पास कसं झालं, तर शहरांतले कृष्णवर्णीय आणि लॅटिनो आमदार आणि खेड्यापाड्यांतले गोरे रिपब्लिकन आमदार एकत्र आले, कारण दोघांच्याही शाळांतून ऑस्टिनला, म्हणजे राज्याच्या सगळ्यात नामांकित सरकारी विद्यापीठात, मुलं पोचत नव्हती.

यात मला आवडतं ते असं की मुलाला आधीच माहीत असतं काय केलं की मिळतं. निबंध कसा लिहायचा हे शिकवणारा महागडा कन्सल्टंट लागत नाही. पण त्रुटीही आहेत. ऑस्टिनच्या जागा इतक्या भरायला लागल्या की २००८ च्या सुमारास राज्यातल्या दहापैकी आठ जण याच वाटेने आत येत होते, मग २००९ मध्ये कायदा बदलून ऑस्टिनपुरती ७५ टक्क्यांची मर्यादा घातली, त्यामुळे तिथे दहाचे सहा-सात टक्के झाले, आणि २०२६ च्या प्रवेशासाठी ते ५ वर आणलेत. काही घरांनी मुलाची शाळाच बदलली, जिथे स्पर्धा कमी तिथे घातलं, हेही अभ्यासकांना दिसलं. आणि कडू गोष्ट ही की नियमातून विविधता येते ती शाळा वस्तीनुसार गोऱ्यांच्या वेगळ्या, कृष्णवर्णीयांच्या आणि लॅटिनोंच्या वेगळ्या अशा विभागलेल्या आहेत म्हणूनच.

आयडाहोने २०१५ मध्ये आणखी वेगळं केलं. अर्ज यायची वाटच बघायची नाही, शाळेच्या मार्कांवरून राज्यच मुलांना घरी पत्र पाठवतं की या या कॉलेजांत तुम्हाला जागा आहे. मिनेसोटा वगैरे राज्यांनीही हे सुरू केलं. यातली कॉलेजं स्टॅनफर्डच्या पंक्तीतली नाहीत, पण मला वाटतं खूप जास्त मुलांच्या आयुष्यात फरक पडेल तो यानेच पडेल, कारण "आपल्याला कोण घेणार" म्हणून फॉर्मच न भरणारी मुलं सगळीकडे असतात आणि त्यांची गणती कुठल्याच वादात होत नाही. तसंच लुइझियानाने २०१७ मध्ये अर्जात आधीच्या गुन्ह्यांबद्दल विचारायला सरकारी कॉलेजांना बऱ्याच अंशी मनाई केली, काही अपवाद ठेवून, कारण तो एक प्रश्न बघूनच लोक फॉर्म अर्धवट सोडून द्यायचे.

तर भाचीला मी परत फोन केला. म्हटलं, तो कॉलम भर, खरंखरं भर, कारण घरातलं पहिलंच मूल कॉलेजात जात असेल तर तेही त्याच कॉलममधून कळतं, कॉलम वाईट नाही, त्याचा उपयोग कोण कसा करतं यावर आहे. आणि मग तिला एक गोष्ट दाखवली जी मलाही नवीनच कळली होती. बरीचशी कॉलेजं दरवर्षी कॉमन डेटा सेट नावाची फाइल आपल्या साइटवर टाकतात. त्यात सी सेव्हन नंबरचा तक्ता असतो, एकेक निकष एका ओळीत, मार्क, निबंध, मुलाखत, आणि समोर चार रकाने, फार महत्त्वाचं, महत्त्वाचं, विचारात घेतो, विचारात घेत नाही. त्यात एक ओळ माजी विद्यार्थ्यांशी नात्याची असते. आम्ही दोघी तिच्या यादीतल्या नऊ कॉलेजांच्या फाइली एकेक करून उघडत बसलो. ती ओळ सापडली की भाची फुली कुठल्या रकान्यात आहे ते मोठ्याने वाचायची आणि वहीत लिहायची. तिच्या आईबाबांचं कॉलेज सातासमुद्रापार, त्यामुळे नऊपैकी एकाही ठिकाणी त्या ओळीतून तिला काही मिळणार नव्हतं. चार ठिकाणी फुली शेवटच्या रकान्यात होती. त्या चार नावांखाली तिने रेघ ओढली.